पडण्यावर हसायचं नाही

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण आमची टोळी तो पाळते. पडणाऱ्या माणसावर हसायचं नाही. सालीवरून घसरणारा असो, नाचता नाचता स्टेजवरून खाली जाणारा असो, नाहीतर सायकलसकट गटारात शिरणारा असो. जग असल्या व्हिडिओंवर पोट धरून हसतं, खुशाल हसो. आम्ही परांची बांधणारी माणसं. इमारतीभोवती लोखंडी पाइप उभे करायचे, आडवे जोडायचे, त्यांवर फळ्या टाकायच्या, आणि त्या फळ्यांवर उभं राहून दुसऱ्यांनी गिलावा करायचा, रंग द्यायचा. काम संपलं की आमचं सगळं सोडवून खाली. आम्ही काय केलं ते शेवटी कुणाला दिसत नाही. पडलो तरच लोक मान वर करून बघतात.

हा नियम घातला मुकादमानं. मुकादम म्हणजे आमच्या चौघांच्या टोळीचा म्होरक्या. वयानं आमच्याच बरोबरीचा, कामालाही एकत्रच लागलेलो, त्यामुळे सगळं अरेतुरे. पण कामावर शब्द त्याचा.

जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडमध्ये आमचा एक कार्यक्रम असायचा. एक फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा, त्याच्यापुढे चार डोकी, आणि ज्याची पाळी असेल त्यानं एक व्हिडिओ दाखवायचा. मुकादम डबा उघडता उघडता विचारायचा, "आज वाढप कुणाकडे?" लंबूकडे असलं की कुत्री. हा ताडमाड वाढलेला माणूस कुत्र्यांवर जीव टाकतो. मौनीकडे असलं की लहान बाळं. मौनी दिवसभरात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन 'हं' असतात. आणि माझ्याकडे असलं की काहीतरी खोडसाळ, टपालवाल्याच्या मागे लागलेलं बदक वगैरे. मला मिरची म्हणतात, ते माझ्या जिभेवरून. एकदा मीच एक व्हिडिओ वाढला. एक जाडा गृहस्थ ऐटीत खुर्चीवर बसतो, खुर्ची मोडते आणि हा उताणा. मुकादमानं हातातला घास खाली ठेवला आणि फोन उचलून पालथा घातला.

"मिरची, पडण्यावर हसायचं नाही. उद्या आपल्यातला कोणी पडला, तर आपलं हेच हसणं आपल्याला आठवेल."

मी तोंड वाकडं केलं, पण नंतर कधी तसला व्हिडिओ वाढला नाही.

त्याची दुसरी सवय सकाळची. आम्ही चढायच्या आधी तो पायथ्याशी उभा राहायचा आणि एकेकाला विचारायचा, "लावला का?" म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा हुक पाइपला लावला का. आपण म्हणायचं, "लावला." तेवढ्यानं भागायचं नाही. "तोंडानं नको, खटका ऐकू दे." मग हुक काढून परत लावायचा, तो खट् करून वाजायचा, आणि मगच स्वारी पुढच्याकडे वळायची. वर गेल्यावरही दर थोड्या वेळानं खालून हाक यायचीच. आम्ही वैतागायचो. लंबू म्हणायचा, हा घरी वहिनींनाही विचारत असेल, झोपायच्या आधी कडी लावली का.

मग एक दिवस तो स्वतः पडला.

चहाची वेळ होती. आम्ही तिघं उतरलो होतो, तोही उतरला होता. पाना वर राहिला म्हणाला, आत्ता आणतो. त्या पान्याला मी अजून शिव्या घालतो. एक फळी सरकली, आणि जो आवाज आला तो मी सांगणार नाही. त्याच्यापाशी पहिला मी पोचलो. डोळे उघडे होते, पण शुद्ध नव्हती. आणि त्याचा हुक त्याच्याच पट्ट्याच्या कडीत अडकवलेला होता. जमिनीवर चालताना पायात येऊ नये म्हणून आम्ही अडकवतो तसा. वर गेल्यावर त्यानं तो काढून पाइपला लावलाच नव्हता.

मागून लंबू आला, मौनी आला. तिघांनीही ते पाहिलं. मौनी खाली वाकला, त्यानं तो हुक कडीतून सोडवला आणि मोकळा लोंबू दिला. नंतर साहेबानं विचारलं तेव्हाही मौनीच पुढे झाला. म्हणाला, "लावला होता साहेब. खटका सुटला." कंपनीनं जुने पट्टे फेकले आणि सगळ्यांना नवे दिले. त्या दिवसापासून आम्ही तिघं यावर एकमेकांशीही बोललो नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना 'लावला का' विचारलं, त्याच्याच नावापुढे लोकांनी 'यानंच लावला नव्हता' म्हणू नये, एवढीच आमची इच्छा होती.

मधल्या मजल्यावर बांधलेल्या जाळीनं पडण्याचा जोर तोडला म्हणून मुकादम वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. दवाखान्यात नर्स उशी सारखी करत होती तेव्हा तो तिला म्हणाला, "मधली जाळी नसती तर सुटलो असतो." लंबू तिथेच उभा होता. त्यानं बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, आणि ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही.

तो घरी आल्यावर आम्ही गेलो. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दार वहिनींनी उघडलं. "झोपलेत, भाऊजी." पुन्हा गेलो, तेव्हाही तो झोपलेलाच. त्यानंतर मात्र माझं डोकं फिरलं. मी वहिनींना ओलांडून सरळ आत गेलो. मुकादम भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी म्हटलं, "अरे, तोंड तरी दाखव." त्यानं मान वळवली नाही. उशाजवळचा स्टीलचा पेला मात्र मागच्या मागे भिरकावला. तो दाराच्या चौकटीवर आपटला. "निघा," एवढंच म्हणाला.

आम्ही निघालो, आणि नंतर गेलोच नाही. राग आला म्हणून नाही. खरं सांगायचं तर तिथे त्या खोलीत आमच्या आणि त्याच्यामध्ये तो हुक लोंबत होता, आणि त्याच्याकडे बघायची कुणाचीच तयारी नव्हती.

राहिला फक्त फोन. आमच्या चौघांचा एक ग्रुप होता, नाव 'वाढप'. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून आम्ही कुत्री पाठवायला लागलो. रोज सकाळी, चढायच्या आधी, एकेकानं एक. लंबूची कुत्री, मौनीची बाळं, माझी बदकं. कधी ते उमेद देणारे, छाती फुगवणारे व्हिडिओही, ज्यांत मागे ढोल वाजतात आणि एक पाय नसलेला माणूस डोंगर चढतो. मला ते मुळीच आवडत नाहीत. आणि मुकादमाला डोंगर दाखवायचा म्हणजे जखमेवर मीठच. ते लंबूला दोनदा सांगावं लागलं.

उन्हं जरा वर आली की उत्तर यायचं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं, एकाशेजारी एक तीन. आम्ही तेव्हा वर फळीवर असायचो. ज्याचा फोन आधी थरथरेल तो ओरडायचा, "आलं!"

"हसला?"

"हसला!"

आणि मग पुढचा पाइप हातात घ्यायचा. कामावर आता नवा मुकादम होता, शिट्टी वाजवणारा. 'लावला का' कुणीच विचारत नव्हतं. कुणाची जीभच रेटायची नाही. आमची सकाळ त्या तीन पिवळ्या तोंडांवर चालली होती. ती आली म्हणजे आपला माणूस अजून आहे, आत कुठेतरी जिवंत आहे. ती यायला उशीर झाला की लंबूचे हात ढिले पडायचे.

लंबू एकदा म्हणाला होता, "याआधी तो नुसता अंगठा दाखवायचा रे. तीन तीन तोंडं कधीपासून?"

"पडल्यावर माणूस बदलतो," मी म्हटलं. "तुला काय, एका तोंडाचे वेगळे पैसे पडतात?"

आणि मग ती सकाळ आली. चहासाठी आम्ही खाली उतरलो होतो. तिघांचे फोन एकदमच थरथरले. मुकादमाच्या नंबरावरून व्हिडिओ आला होता. पडल्यापासून त्यानं पाठवलेला पहिला.

"वाढलं! मुकादमानं वाढलं!" लंबू लहान पोरासारखा ओरडला.

मी उघडला. एक जाडसा रंगारी शिडीवर उभा राहून दुकानाची पाटी रंगवतोय. तोंडानं शीळ घालतोय. शिडी सरकते. तो हवेत हात मारतो, ब्रश एकीकडे, डबा एकीकडे, आणि...

मी तिथेच बंद केला. लंबूकडे पाहिलं, त्यानंही फोन छातीशी पालथा धरला होता. व्हिडिओखाली तीच तीन तोंडं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली. ज्या माणसानं नियम घातला, जो स्वतः पडला, तो आम्हाला पडणारा माणूस पाठवतोय आणि वर हसतोय. मधली जाळी नसती तर सुटलो असतो.

मौनीनं चहा ओतून दिला. "चला," म्हणाला.

नव्या मुकादमानं शिट्टी वाजवली, काम टाकून कुठे निघालात म्हणून विचारलं. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बसमध्ये लंबू सारखा फोन लावत होता. रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. मला ती खोली दिसत होती. पलंग खिडकीला लागून होता. पाय गेले असले तरी त्याचे हात परांची बांधणाऱ्याचे होते. खिडकीच्या चौकटीपर्यंत जायला तेवढे पुरेसे आहेत, हे आम्हा तिघांइतकं कुणाला ठाऊक असणार? बसमध्ये आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

तीन जिने आम्ही कसे चढलो ते आठवत नाही. दार वहिनींनी उघडलं. हात कोपरापर्यंत साबणाचे.

"अगंबाई! तिघंही? भाऊजी, काय झालं?"

"कुठाय तो?"

"कुठे जाणार? आत आहेत."

मी आत शिरलो. मुकादम पलंगावर होता. भिंतीकडे तोंड, पाठ आमच्याकडे. पांघरूण वर होत होतं, खाली होत होतं. मी ते दोनदा नीट पाहिलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. आणि जीव भांड्यात पडला की मला जे होतं तेच झालं, राग आला.

"हे काय पाठवलंस तू? काही लाज? इथवर कसे आलोय आम्ही, माहितीये?"

भिंतीकडूनच आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

"काय पाठवलं?"

"व्हिडिओ. शिडीवरून पडणारा माणूस."

"मी नाही. घरी आल्यापासून फोनला हात लावलेला नाही मी."

"मग रोज हसतं कोण?" लंबू म्हणाला.

आम्ही तिघंही हळूहळू वळलो. वहिनी दारात उभ्या होत्या, साबणाचे हात तसेच, फेस फरशीवर गळत होता.

"मी," त्या म्हणाल्या. "मी हसते."

त्यांनी हात पुसले. पुसायचं फडकं हातातच धरून ठेवलं.

"हे घरी आले आणि फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, फेकून दे. दुसऱ्या दिवशी तो वाजला. मला वाटलं कुणाचं महत्त्वाचं असेल. तर ते कुत्रं. आरशात स्वतःवर भुंकणारं. भाऊजी, मला मेलं हसूच आवरेना. कधीची हसले नव्हते मी. मग वाटलं, कुणी उत्तर दिलं नाही तर हे लोक पाठवायचे थांबतील. म्हणून ती तोंडं दाबायला शिकले."

"आम्हाला सांगायचं ना वहिनी," मी म्हटलं. आवाजातला तिखटपणा केव्हाच गेला होता.

"काय सांगायचं? की हे बघत नाहीत, मी बघते? तुम्ही यांच्यासाठी पाठवत होता. माझ्यासाठी कुणी कशाला पाठवेल?"

एवढ्या दिवसांत आम्ही या बाईला दारातून काय विचारलं होतं? तो कसा आहे. झोपला का. जेवला का. तुम्ही कशा आहात, हे तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. लंबू तर पार खाली बघत होता.

"मग आज तो पडणारा का पाठवलात?" मी हळूच विचारलं. "आमच्यात पडण्यावर हसत नाहीत, वहिनी. हा यानंच घातलेला नियम आहे."

वहिनींचा चेहरा उतरला. "मला नव्हतं हो माहीत. हे कामातलं घरी काही बोलतच नसत. मी रोज तुमचंच बघते, म्हटलं एक दिवस आपणही काही पाठवावं. आणि तो पडण्याचा कुठाय? तो उठण्याचा आहे."

"उठण्याचा?"

"तुम्ही पुढे पाहिला नाहीत?"

आम्ही तिघांनीही पाहिला नव्हता. शिडी सरकली की आमचे अंगठे आपोआप बंद करतात.

"तो पडतो ना, खाली गवताच्या भाऱ्यांवर," वहिनी सांगू लागल्या. "मग उठून बसतो. इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. टोपी शोधतो. ती उलटी घालतो. विजार झटकतो आणि काहीच झालं नाही असा शीळ घालत चालायला लागतो. मी तेवढंच लावते. सकाळपासून किती वेळा लावलं असेल. मला पडलेलं नाही दिसत त्यात. तो चालायला लागतो ते दिसतं."

पलंग करकरला. मुकादमानं एका हातानं खिडकीची चौकट धरली होती आणि तो अंग वळवत होता. मदतीला जायचं मला सुचलंही नाही. कितीतरी दिवसांनी त्याचं तोंड आमच्याकडे झालं. दाढी वाढलेली, गाल बसलेले. पण तो आमच्याकडे बघत नव्हता. तो बायकोकडे बघत होता.

"तू हसायचीस?"

"हो."

"स्वयंपाकघरात? सकाळी? तोंड दाबून?"

"आवाज येऊ नये म्हणून हे फडकं धरायचे तोंडावर. घरात तुम्ही असे पडलेले आणि मी दात काढतेय, बरं का दिसतं ते?"

मुकादमाचा आवाज फाटला. "मला वाटायचं तू रडतेस. रोज ठरलेल्या वेळी आत जाते आणि तोंड दाबून रडते. माझ्यापायी. मी इथे पडून रोज ते ऐकायचो. वाटायचं, आपण संपलो की हिचं रडणं तरी संपेल."

वहिनी पलंगाच्या कडेवर टेकल्या. फडक्याचा बोळा करून त्यांनी मुठीत धरला होता.

"काही दिवस रडतही होते," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण बहुतेक दिवस ते कुत्रंच असायचं."

लंबू भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. हसण्यानं की कशानं, ते मी विचारलं नाही. मी स्वतःच कुठल्या बाजूला होतो ते मला कळत नव्हतं.

"दाखव," मुकादम म्हणाला.

"काय?"

"तो शिडीवाला."

मी लावला. त्यानं फोन हातात घेतला, तोच हात, ज्यानं एकदा माझा फोन पालथा घातला होता. त्यानं डोळे बारीक केले. रंगारी शीळ घालत होता. शिडी सरकली. मुकादमानं बंद केला नाही. शेवटपर्यंत पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि शिडी सरकायच्या जागी बोट ठेवून थांबवला.

"शिडीचं पाऊल बांधलेलं नाही यानं," तो म्हणाला. "दोरी तिथेच पडलीये, बघ. एका मिनिटाचं काम. वाटलं असेल, आत्ता तर उतरायचंय."

तो फोनकडेच बघत राहिला.

"मीही लावला नव्हता," तो म्हणाला. "त्या दिवशी. हुक कडीतच होता माझा."

"माहितीये," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "काय माहितीये?"

"तुझ्यापाशी पहिला मी पोचलो. यांनीही पाहिलं. तिघांनाही माहितीये."

"साहेबाला काय सांगितलंत?"

"लावला होता," मौनी म्हणाला. "खटका सुटला."

मुकादमानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि तरी रोज कुत्री पाठवत राहिलात?"

"मग काय पाठवणार?" लंबू भिंतीकडूनच म्हणाला.

तेव्हा मुकादम रडला. आम्ही त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि कुठे बघावं ते आम्हाला कळेना. मी माझ्या हातांकडे बघत बसलो. म्हणत होता, तुमच्यापुढे कुठल्या तोंडानं येणार होतो मी, जन्मभर तुमच्या कानीकपाळी ओरडलो आणि. वाक्य पुरं होत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की तू ओरडलास म्हणून आम्ही तिघं जिवंत आहोत, आणि तुझ्यामागे ओरडायला कुणी नव्हतं, ती चूक आमचीही आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून एक सरळ वाक्य निघालं.

तो शांत झाला तेव्हा फोन त्याच्या छातीवर पडला होता. व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला होता. रंगारी टोपी उलटी घालून शीळ घालत निघाला होता.

"मी नाही उठणार असा," मुकादम म्हणाला.

"नका उठू," वहिनी म्हणाल्या. "पण भिंतीकडून वळा. मला एवढंच पुरे."

निघताना लंबूनं पलंग खिडकीपासून आतल्या बाजूला ओढला. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही. वहिनींनी विचारलंही नाही. जिना उतरताना मौनीनं फोन काढला आणि त्याच्या ठेवणीतला एक बाळाचा व्हिडिओ ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'वहिनींसाठी.' वरून, बंद दाराआडून हसल्याचा आवाज आला. या वेळी तो दाबलेला नव्हता.

सगळं लगेच सुरळीत झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही, वहिनींनी कळवलं. त्याच्या पुढच्या दिवशी अर्धं ताट तसंच ठेवलं. मध्ये एकदा पुन्हा भिंतीकडे वळला आणि संध्याकाळपर्यंत तसाच होता. आम्ही जात राहिलो. कधी बसू दिलं, कधी नाही. व्हिडिओ चालूच होते. उत्तरं वहिनींची यायची, आता त्यांच्या स्वतःच्या नंबरावरून. ग्रुपमध्ये आम्ही पाच जण झालो होतो.

मग एका सकाळी आम्ही पायथ्याशी उभे होतो. नवी इमारत, पाइप रात्रीच्या दवानं ओले. नव्या मुकादमाची शिट्टी व्हायची होती. तिघांचे फोन एकदम थरथरले. मुकादमाचा नंबर. व्हिडिओ नव्हता, आवाज होता. लंबूनं लावला आणि फोन मध्ये धरला.

आधी नुसता श्वास. मागे भांड्यांचा आवाज आणि वहिनी कुणाला तरी, बहुधा त्यालाच, म्हणत होत्या, अहो, बोला ना आता. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग तो.

"लावला का?"

मौनीनं डोळे पुसले. माझा हुक पाइपला लागलेलाच होता. मी तो काढला, फोन जवळ धरला आणि पुन्हा लावला, खटका त्याला नीट ऐकू जावा म्हणून.